सतराव्या पानावरची तारीख

हे प्रकरण विसरायला मी केव्हाही तयार आहे, पण घरचे विसरू देत नाहीत. एखादं पुस्तक हातात घेऊन मी ते मागच्या बाजूने उघडलं, की बायको आतून विचारते, "खणायला सुरुवात केली का?" नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे मात्र दिवसवार लक्षात आहे. खरं म्हणजे यात खून नव्हता आणि दरोडाही नव्हता. जो काही अपराध होता, तो बराचसा माझ्याच खात्यावर जमा होता.

आधी माझी खोड सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. शाळेत असल्यापासून मला गुप्तहेरकथांचा नाद. पिवळ्या पाठीची एक जुनी मालिका होती, एकूण वीस भाग, प्रत्येक भागात पाच-सहा कथा. चष्मा पुसत पुसत गुन्हेगार पकडणारा एक गुप्तहेर आणि त्याचा एक मदतनीस. हातात येईल तो भाग मी वाचायचो. आज नववा, उद्या तिसरा. आणि कथेचं शेवटचं पान आधी. गुन्हेगार कोण हे एकदा समजलं की बाकीची कथा आरामात वाचता येते, असा माझा सिद्धांत. याच सिद्धांताच्या जोरावर मी पोलिसात आलो आणि सहायक पोलीस निरीक्षक होऊन एका ठाण्याचा प्रभारी झालो. ठाण्याचं नाव सांगत नाही. तिसगावच्या बाजाराला ज्या गावांची माणसं येतात त्यांपैकी एक, एवढं पुरे.

मंगळवारी दुपारी एक माणूस ठाण्यात आला. नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, सुट्टी टाकून धावत आलेला. त्याची आई सोमवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन घराबाहेर पडली ती परतली नव्हती. वय सदुसष्ट. आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. तीस वर्षं वाड्या-वस्त्यांवरच्या पोरांना लशी टोचल्या, त्यामुळे पंचक्रोशीत त्यांना सगळे सिस्टरबाईच म्हणत. मोबाईल घरी चार्जिंगला तसाच. शेजारी बीपीच्या गोळ्यांची डबी, तीही तशीच.

"गोळ्या न्हाई नेल्या सायेब," तो माणूस ती डबी माझ्या टेबलावर ठेवत म्हणाला. "तिनं बीपीची गोळी कधी चुकिवली न्हाई. दुसऱ्याचीबी चुकू देत न्हाई. तिला दोनदा चक्कर आलेली हाय."

पाहुण्यांकडे फोन झाले होते. कुठेच नव्हती. आमच्या ठाणे अंमलदार हवालदार बाईंनी त्याचा जबाब लिहून घेतला, मिसिंग दाखल केली, बिनतारी संदेश दिला, फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला. या बाईंची ओळख करून देतो, कारण पुढे अक्कल लागते तिथे त्याच येणार आहेत. अठरा वर्षांची नोकरी, अक्षर छापील, आणि कागद वाचायला घेतला की पहिल्या ओळीपासून. वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत. मला त्यांची दया यायची.

बुधवारी सकाळी खबर आली. आमचा खबरी पंक्चरच्या दुकानात बसायचा. अर्धं गाव त्याच्याकडे हवा भरायला येतं, त्यामुळे हवेतलं सगळं त्याला कळायचं.

"सायेब, मी काय म्हनलो न्हाई बरं का," त्याने सुरुवात नेहमीसारखी केली. "पर रैवारी सांजंला सासू-सुनंची लई जुंपली हुती. सिस्टरबाई कदी आवाज चढवीत न्हाई, त्या वरडत हुत्या. आन सोमवारी सकाळी म्हातारी गायब."

"आणि?"

"आन सोमवारीच दुपारी सुनंचा भाऊ टॅक्टर घिऊन आल्ता. घराच्या मागं खड्डा बुजिवला. आता मी काय म्हनलो न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोर शेवटचं पान उघडलं. भांडण, सासू गायब, भावाची मदत, ताजा बुजवलेला खड्डा. आता फक्त मधली पानं भरायची होती.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या राहत्या घरी जाऊनच विचारायचं, असा नियम आहे. म्हणून मी हवालदार बाईंना घेऊन घरी गेलो. सून तिशीची, शिवणकाम करणारी. ओट्यावर मशीन, त्यावर अर्धवट शिवलेलं परकर-पोलकं. तिने आम्हाला पाणी दिलं. तांब्या ठेवताना थोडं पाणी ओट्यावर सांडलं. तेही मी टिपून घेतलं.

"रविवारी भांडण कशावरून झालं?"

"काय न्हाई. घरातलंच."

"घरातलं म्हणजे?"

"भाजीत मीठ जास्त झाल्तं."

थोड्या वेळाने मी तोच प्रश्न फिरवून विचारला. आता भांडण टीव्हीच्या आवाजावरून झालं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते तिच्या माहेरच्या लग्नावरून झालं. मधे मधे तिची नजर भिंतीतल्या फळीकडे जात होती. फळी रिकामी होती. घराला नुकताच रंग दिला होता आणि सगळं सामान इकडचं तिकडे झालं होतं, त्यामुळे रिकाम्या फळीत मला काही विशेष दिसलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की बाई खोटं बोलतेय.

"आणि मागचा खड्डा?"

"शोषखड्डा हाय तो. पंचायतीचा. नळाचं पानी मुरायला."

"सासूबाई गेल्या त्याच दिवशी बुजवला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काय विचारतोय हे तिला त्या क्षणी समजलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा दारात उभा होता. तो बायकोकडे बघायला लागला. त्या बघण्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. नवरा-बायकोच्या मधे मी ते नेऊन ठेवलं होतं.

हवालदार बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "साहेब, ती काहीतरी लपवतेय हे खरं. पण मोठं लपवणारा माणूस एकच खोटं पाठ करून ठेवतो. हिने तीन सांगितली. तीही जागच्या जागी सुचलेली."

मी म्हणालो, "बाई, शेवट आपल्याला माहीत आहे. तुम्ही पंच बघा."

जमिनीखाली प्रेत असण्याची शक्यता असली की कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या समोर खणावं लागतं. त्यामुळे गुरुवारी सकाळी नायब तहसीलदार साहेब एक बैठक सोडून आले. दोन पंच आले. फोटोग्राफर आला. आणि सबंध गाव आलं, त्याला बोलवावं लागत नाही. सुनेला तिच्या जावेने घरात धरून बसवलं होतं. ती रडत नव्हती. ती फक्त भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्याजवळ कुणी पाण्याचा पेला घेऊनही जात नव्हतं. गावाने तेवढ्यात निकाल दिला होता.

खणायला लागलो. वाळू निघाली. वाळूखाली बारीक खडी. खडीखाली विटांचे तुकडे. त्याखाली मोठे दगड. दगडांखाली काळी माती, आणि तिला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता हे खणणाऱ्या मजुरालाही कळलं. त्याने पहार बाजूला ठेवली आणि तंबाखू मळायला घेतली.

नायब तहसीलदार घड्याळाकडे बघत म्हणाले, "अजून खोल जायचंय, का पाणी लागेपर्यंत?"

तेवढ्यात ग्रामसेवक गर्दीतून पुढे आले. हाताची घडी, चेहऱ्यावर शांत संताप. "साहेब, या खड्ड्याचा फोटो अपलोड झालाय. पूर्ण म्हणून. उद्या तपासणी आहे. हा जसा होता तसा पाहिजे."

"भरून देतो की."

"नुसता भरून नाही. खाली मोठे दगड, मग विटा, मग खडी, वर वाळू. थर उलटले तर पाणी मुरत नाही, वर येतं."

माझे दोन अंमलदार आणि मी, आम्ही तिघांनी खड्डा भरला. पहिल्यांदा घाईत वाळू आधी टाकली. ग्रामसेवकांनी ती काढायला लावली. एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून बघत होता. तो शेजारच्याला म्हणाला, "पोलिसाचं काम बाकी चोख हाय. उकरत्यात आन पुन्ना लिपूनबी देत्यात." हसू पसरत गेलं, पार मागच्या रांगेपर्यंत.

ठाण्यात येऊन हातपाय धुतो न धुतो तोच वरिष्ठांचा फोन. गावातले फोटो माझ्याआधी त्यांच्यापर्यंत पोचले होते. "प्रेत दुसरीकडे टाकलं असेल. सून आणि भाऊ, दोघांना संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. म्हातारीला आज चौथा दिवस आहे, गोळ्यांशिवाय. कळतंय का?"

कळत होतं. ती डबी अजून माझ्या टेबलावरच होती.

मी अटकेचे कागद मागितले. हवालदार बाईंनी कागदांऐवजी फाईल आणून ठेवली. "साहेब, एकदा पहिल्यापासून वाचू या का? अर्धा तास लागेल."

"बाई, मला सगळं पाठ आहे."

"तुम्हाला खबऱ्याचं पाठ आहे. मुलाचा पहिला जबाब तुम्ही वाचला का?"

मी वाचला नव्हता. सही केली होती. सही शेवटच्या पानावर असते.

बाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव, वय, धंदा, राहणार. तिसऱ्या परिच्छेदात होतं, 'माझ्या आईस दुसरे कसलेही व्यसन नसून ती दर सोमवारी वाचनालयात जाऊन एक पुस्तक बदलून आणते.'

"सोमवारी गेल्या त्या," बाई म्हणाल्या. "पिशवी घेऊन. आपण एसटी स्टँडवर विचारलं, देवळात विचारलं. वाचनालयात विचारलं नाही."

गावचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या वरची एक खोली. ग्रंथपाल निवृत्त शिक्षक. सिस्टरबाई सोमवारी आल्याच नव्हत्या. "पहिल्यांदाच असं झालं," ते म्हणाले. "पुस्तक त्यांच्याकडेच आहे. चौदावा भाग." आणि त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

पिवळ्या पाठीचे भाग ओळीने लावलेले होते. एक ते तेरा, मग एक फट, मग पंधरा ते वीस. माझी मालिका. इतक्या वर्षांनी ती सगळी एकत्र पाहून मी क्षणभर तपास विसरलो. पंधरावा काढला, हात आपोआप मागच्या पानावर गेला. गुन्हेगार मुनीम निघाला.

ग्रंथपाल हवालदार बाईंना दुसरंच काही दाखवत होते. जुन्या वाचकांची एक सवय असते. सगळ्या भागांना तीच पिवळी पाठ आणि मुखपृष्ठावर तोच चष्मा. हा भाग आपण वाचलाय की नाही हे आठवत नाही. म्हणून प्रत्येक वाचक आपलं एक पान ठरवून घेतो आणि वाचून झालं की त्या पानावर बारीक खूण करतो. कुणी पंचविसाव्यावर फुली, कुणी एकावन्नाव्यावर टिंब. पुस्तक हातात आलं की आधी आपलं पान बघायचं. ग्रंथपालांना प्रत्येकाचं पान माहीत होतं.

"सिस्टरबाईंचं सतरावं," ते म्हणाले. पहिला भाग उघडला. सतराव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण आणि खाली तारीख. दुसऱ्या भागात तशीच, पुढची तारीख. तिसऱ्यात, चौथ्यात. तेराव्यापर्यंत. "लसीकरणाच्या कार्डासारखं. मी एकदा म्हणालो, सिस्टर, सहावा बाहेर गेलाय, सातवा घेऊन जा. तर म्हणाल्या, गुरुजी, पहिला डोस झाल्याशिवाय दुसरा देतात का? आणि सहावा परत येईपर्यंत दोन महिने थांबल्या."

आम्ही निघालो. पंधरावा माझ्या हातातच होता. 'तपासकामी' असं म्हणून मी तो जीपमध्ये टाकला. तपासाशी त्याचा काही संबंध नव्हता. शेवटच्या कथेचा शेवट वाचला होता, बाकीच्या पाच राहिल्या होत्या.

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. हवालदार बाई सुनेच्या समोर जमिनीवरच बसल्या आणि एकच प्रश्न विचारला.

"ताई, चौदावा कुठाय?"

आणि ती बाई जी दोन दिवस रडली नव्हती ती रडायला लागली. रंगकामाच्या वेळी फळीवरचं सगळं तिने रद्दीवाल्याला देऊन टाकलं होतं. वर्तमानपत्रं, पोरीच्या जुन्या वह्या, आणि त्यात ते पुस्तक. रविवारी सासूबाईंना कळलं.

"आत्या लई बोलल्या. म्हनल्या, पुस्तक माझ्या नावावर हाय, मी गुरुजींना तोंड कसं दाखवू. सोमवारी उठले तर आत्या न्हाईत."

"अहो, मग एवढंच होतं तर मला सांगायचं ना," मी म्हणालो. "मिठाचं काय, टीव्हीचं काय."

तिने पदराने डोळे पुसले. "वाचनालयाचा शिक्का हुता की त्याच्यावर. सरकारी वस्तू रद्दीत इकली म्हनून तुमी मला आत टाकाल, असं वाटलं."

मी तिच्याकडे खुनी म्हणून बघत होतो, आणि ती माझ्याकडे रद्दीच्या गुन्ह्यातला फौजदार म्हणून. दोघंही आपापल्या जागी घाबरलेले. मी खिशातून रुमाल काढून उगीचच मान पुसली.

"चौदावा झाल्याशिवाय त्या पंधरावा घेणार नाहीत," बाई जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या. "म्हणजे त्या चौदाव्याच्या मागे गेल्या असणार."

त्यांनी नगरला फोन लावायला सुरुवात केली. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडात नगरच येतं, त्याला इलाज नाही. तिसऱ्या फोनला एका जुन्या वाचनालयाने सांगितलं, चौदावा आहे, पण एकच प्रत, इथेच बसून वाचावा लागेल. मी वरिष्ठांना कळवलं की अटक थोडी लांबतेय. ते काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

पाऊण तासात नगर गाठलं. वाचनालयात काउंटरवर एक तरुण मुलगी होती. फोटो दाखवला. ती म्हणाली, "सर, मी आजच ड्युटीवर आलेय. आणि आज्या तर रोज पंधरा-वीस येतात."

"चौदावा भाग दाखवा."

पुस्तक आलं. बाईंनी ते माझ्याकडे सरकवलं. मी ते पुढून उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा. पान अकरा. तेरा. पंधरा. बोट ओलं करून उलटत होतो. टेबलावरची ती गोळ्यांची डबी दिसत होती, भिंतीला टेकलेली ती सून दिसत होती.

सतराव्या पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण होती. खाली तारीख.

तारीख कालची होती.

मी खाली बसलो. वाचकांच्या बाकावर, दोन वर्तमानपत्रवाल्यांच्या मधे. बुधवारी, म्हणजे मी ओट्यावर बसून खुनाचा जबाब घेत होतो तेव्हा, सिस्टरबाई इथे पंख्याखाली बसून पुस्तक वाचत होत्या. जिवंत होत्या, शुद्धीवर होत्या, आणि पेन्सिलीला टोक होतं. मला हसावं की रडावं कळेना. बाई दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसत होत्या. त्या मालिकेतल्यासारख्या.

"आता पंधरावा," त्या म्हणाल्या. "ताई, पंधरावा कुणी मागितला का बघा."

"पंधरावा आमच्याकडे नाही. कधीच फाटला."

"मग तो घ्यायला त्या..." बाई बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. पंधरावा बाहेर जीपमध्ये होता.

त्याच वेळी माझा फोन वाजला. ठाण्यातून अंमलदार बोलत होता, आवाज दबलेला. "साहेब, एक म्हातारी आलीय. वाचनालयातून थेट इकडंच आलीय. तक्रार द्यायची म्हणते."

"कसली?"

"म्हणते, माझं पुस्तक पोलिसांनी नेलं. साहेब, ही फोटोतलीच बाई आहे. आपली मिसिंग. काय करू?"

"चहा दे," मी म्हणालो. "आणि हलू देऊ नको." पुढची गोष्ट बाईंना सुचली. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आधी घरी कळवा. सुनेला आधी."

करंजीचा घाट मी त्या दिवशी कसा उतरलो ते ड्रायव्हरला विचारा. ठाण्यात पोचलो तर सिस्टरबाई बाकावर ताठ बसलेल्या. ठेंगणी, गोरी, केस पांढरे. शेजारी सून. तिने गोळ्यांची डबी माझ्या टेबलावरून न विचारता उचलली होती आणि सासूच्या हातात दिली होती. मुद्देमाल होता तो, पण जाऊ दिला.

"आत्या, गोळी घ्या आधी."

"घेतली गं. चार दिवस घेतेच आहे." सिस्टरबाई माझ्याकडे वळल्या. "नागापूरला माझी मैत्रीण राहते, तीही नर्स होती. तिच्याकडे उतरले. मंगळवारी वाचनालयाला सुट्टी, तो दिवस वाया गेला. काल संपवलं, तर तिने जेवायला ठेवून घेतलं. मी तीस वर्षं गावाला गोळ्या वाटल्या, साहेब. मला एक गोळी मिळणार नाही?"

"पण सांगून जायचं ना, सिस्टर. इकडे केवढा..."

"सांगितलं असतं तर ही पाया पडली असती. मग मला राग सोडावा लागला असता. मला तो दोन दिवस तरी ठेवायचा होता."

सुनेने मान खाली घातली. मग खाली बघूनच म्हणाली, "चार ठिवला की."

सासूने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. तेवढ्यावर घरातलं भांडण मिटलं. आमची फाईल मिटायला आणखी आठवडा लागला.

"आमच्या मागच्या अंगणात खड्डा खणलात म्हणे," सिस्टरबाईंनी मला विचारलं. "मला शोधायला."

"हो."

"सापडले का?"

अंमलदार फायलीत तोंड घालून खोकला. मी पंधरावा भाग पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"तुम्ही वाचला?"

"शेवटचं पान."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं लस न टोचलेल्या पोराच्या बापाकडे बघत असतील. "पंधराव्यात आता गुप्तहेराच्या टेबलाशी नवा मदतनीस बसलेला असणार. जुना कुठे गेला, हे चौदाव्यात कळतं. असं काही चुकू नये म्हणून मी नगरला गेले होते. तुम्हाला कधी वाटलं नाही, हा माणूस नवा कसा?"

मी ती मालिका कुठून कुठून पन्नास वेळा वाचली असेल. मदतनीस बदलतो हे मला त्या दिवशी ठाण्यातल्या बाकासमोर उभं राहून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावात गेलो. गणवेशात, भर चौकात, सगळ्या गावासमोर. सुनेची आणि तिच्या भावाची माफी मागितली. नवराही होता. तो माझ्याआधीच तिची माफी मागून बसला असावा, कारण मग घरी तिने दोघांनाही चहा दिला, पण साखर फक्त नवऱ्याच्या कपात घातली. पंक्चरवाल्याने लांबून ओरडून सांगितलं, "मी काय म्हनलो न्हवतो हां सायेब." तपासणीत शोषखड्डा पास झाला, हेही नमूद करतो.

गावच्या वाचनालयाची चौदाव्याची प्रत गेली ती गेलीच. माझ्या घरी माळ्यावर शाळेत असतानाची एक होती. ती मी ग्रंथपालांना नेऊन दिली. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "शेवटचं पान नाही यात." नसणारच. जे पान सारखं उघडायचं तेच आधी निसटतं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. पुढच्या नोकरीत मी प्रत्येक फाईल पहिल्या जबाबापासून वाचली, आणि सही करताना हवालदार बाईंचा आवाज कानात यायचा. लहान गोष्टीची लाज माणूस मोठ्या गुन्ह्याइतक्याच जिवापाड लपवतो, हेही तेव्हाच शिकलो. त्यानंतर लपवणारा दिसला की मी आधी छोटी चूक शोधायचो. बऱ्याचदा तेवढीच असायची.

निवृत्त झाल्यावर मी ती मालिका पहिल्यापासून वाचायला घेतली. गावच्याच वाचनालयातून, दर सोमवारी एक. चौदावा आला. माझीच प्रत, शेवटचं पान नसलेली. लहानपणी तेच पान मी इतकं वाचलं होतं, म्हटलं, आठवेलच. नाही आठवलं. गुन्हेगार कोण, काही केल्या आठवेना. सुरुवातच माहीत नसल्यावर शेवट लक्षात राहायला जागाच नव्हती.

मग एसटी धरून नगरला गेलो. वाचनालयात तोच बाक रिकामा होता. शेवटचं पान वाचलं, सगळ्यात शेवटी. गुन्हेगार कोण निघाला ते सांगणार नाही, तुम्ही क्रमाने या. मग सतरावं पान काढलं. सिस्टरबाईंची खूण पुसट झाली होती, पण तारीख वाचता येत होती. काउंटरवरून पेन्सिल मागून घेतली आणि तिच्या बरोबर खाली एक खूण केली. आजची तारीख घातली.

परतीच्या गाडीत छान झोप लागली.